गायरानातले नऊ एकर: एका बेकायदा वाटपाचा प्रकरण अभ्यास

नाशिक तालुक्यातल्या एका गावाचं गायरान, त्यातला एक तुकडा खासगी नावावर, आणि तो परत शासनाच्या नावावर आणण्यासाठी चाललेली खटपट असं हे प्रकरण आहे. ते नमुन्याचं आहे: गाव, माणसं, क्षेत्र आणि नोंदींची वर्षं अभ्यासासाठी बांधलेली आहेत. कलमं, मुदती, न्यायालयांचे निकाल आणि चावडीपासून विभागीय आयुक्तालयापर्यंतच्या कागदांची रीत मात्र खरी आहे. अशा प्रकरणांत गावं बहुधा शेवटच्या नोंदीवर तुटून पडतात आणि हरतात. लढायचं असतं ते पहिल्या कागदाशी.

चार फेरफार

गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर, मुंबई-आग्रा महामार्गापासून थोडं आत आहे. भोवती द्राक्षबागा, आणि बागा मोडून पाडलेले प्लॉट. गायरानाचा एकच गट, १४ हेक्टर ८० आरचा. आकारबंदात, म्हणजे गटांचं क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदवहीत, तो गुरचरण म्हणून लागलेला, सातबाऱ्यावर कब्जेदार महाराष्ट्र शासन. २०२२ मध्ये रस्त्याकडच्या बाजूला सिमेंटचे पोल उभे राहिले आणि तार ओढली गेली, तेव्हा गावाने ऑनलाइन सातबारा काढून पाहिला. गटाचे दोन भाग झालेले होते. ११ हेक्टर २० आर शासनाकडे होतं. उरलेलं ३ हेक्टर ६० आर, म्हणजे ८ एकर ३६ गुंठ्यांच्या आसपास, एका खासगी खरेदीदाराच्या नावे, आणि तेही भोगवटादार वर्ग १ म्हणून, म्हणजे विक्रीवर बंधन नसलेल्या हक्काने.

सातबाऱ्यावरच्या वर्तुळातले फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक उलट्या क्रमाने मागे नेले की साखळी दिसते. पहिला फेरफार १९९६ चा: 'मा. जिल्हाधिकारी यांचेकडील आदेशान्वये व तहसीलदार यांचे पत्रान्वये' ३ हेक्टर ६० आर क्षेत्र एका व्यक्तीस भूमिहीन म्हणून, शेतीसाठी, नवीन शर्तीने (वर्ग २, परवानगीशिवाय विकता न येणारी) दिल्याची नोंद. दुसरा २००४ चा: ती व्यक्ती वारल्याने वारसांची नावं. तिसरा २०२०चा, आणि सगळ्यात बोलका: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांनी 'लेखन प्रमाद' दुरुस्त करून नवीन शर्तीचा शेरा काढला. चौथा २०२२ चा: वारसांकडून नोंदणीकृत खरेदीखत.

कलम १५५ हे हस्तदोष सुधारण्यासाठी आहे. नाव चुकलं, क्षेत्राचा आकडा उलटसुलट पडला, संगणकीकरणात एखादी ओळ गळली, तर त्यासाठी. वर्ग २ चा वर्ग १ करणं म्हणजे चूक सुधारणं नव्हे, तो हक्कच बदलणं आहे. त्याची कायदेशीर वाट वेगळी आहे: तेव्हा लागू असलेले २०१९ चे रूपांतरणाचे नियम, त्याखालचा अर्ज, बाजारमूल्यावर ठरणारं अधिमूल्य आणि ते भरल्याचं चलन. इथे चलन नव्हतं. सरकारी जमिनीच्या सातबाऱ्यावर १५५ चा फेरफार दिसला की तो आधी उघडून वाचावा. निम्म्या भानगडी तिथेच कळतात.

दुसरी खूण जास्त तांत्रिक, पण पक्की. गटाचे दोन भाग सातबाऱ्यावर झाले होते. भूमी अभिलेखकडचा गट नकाशा मात्र अजून अखंडच होता. सरकारी जमिनीतून तुकडा खरोखर दिला गेला तर मोजणी होते, हद्दीच्या खुणा लावल्या जातात, क्षेत्रातला बदल दाखवणारं कमी-जास्त पत्रक (क.जा.प.) तयार होतं आणि त्यावरून आकारबंद दुरुस्त होतो. क.जा.प. नसताना पडलेला हिस्सा कागदावरच जन्मलेला असतो. जमिनीवर त्याच्या चतु:सीमा कुठे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून तर तार रस्त्याकडेला लागली; १९९६ च्या नोंदीत दिशा लिहिलेलीच नव्हती.

अपील, आणि वाया गेलेले चौदा महिने

ग्रामपंचायतीने २०२२ च्या फेरफाराविरुद्ध कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलं. मुदत पाळली होती. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर कलम २५० प्रमाणे ६० दिवस मिळतात, इतर आदेशांवर ९०. चौदा महिन्यांनी अपील फेटाळलं गेलं. गावात बोललं गेलं की साहेब मॅनेज झाले. तसं म्हणायला आधार नव्हता. निकाल कायद्याला धरून होता.

मंडळ अधिकाऱ्यासमोर नोंदणीकृत खरेदीखत आलं आणि लिहून देणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असलं, तर तो नोंद प्रमाणित करतो. विकणाऱ्याकडे हक्क कुठून आला हे तपासण्याची ती जागा नव्हे. फेरफार नोंद मालकी देत नाही आणि घेतही नाही, महसूल कोणाकडून घ्यायचा एवढंच ती ठरवते, हे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) मध्ये आणि नंतरही अनेकदा सांगितलं आहे. ही तलवार दोन्ही बाजूंनी चालते. खरेदीदाराचा सातबारा त्याला मालक करत नाही, तसंच तो सातबारा रद्द करून घेतल्याने गायरान आपोआप परत येत नाही. चौथी नोंद गेली असती तरी वारसांची दुसरी उरलीच असती.

दरम्यान आठ प्लॉट विकले गेले. हे चौदा महिने गावाला सगळ्यात महाग पडले.

कागद कुठे शोधायचे

प्रश्न एकच होता: १९९६ चा तो जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश अस्तित्वात आहे का? फेरफारात आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली होती. अशा वेळी 'सदर जमिनीची सर्व माहिती द्यावी' असा माहिती अधिकाराचा अर्ज करून काही हाती लागत नाही. माहिती विस्तृत आहे, संकलित नाही, असं छापील उत्तर येतं. एकेका कागदाचा वेगळा अर्ज करावा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि शक्य तिथे प्रती न मागता अभिलेख पाहण्याची परवानगी मागावी. पाहण्याचा पहिला तास मोफत असतो. समोर बसून नोंदवही उलटली की शेजारच्या पानावरचंही दिसतं.

या प्रकरणात मागवलेले कागद असे होते.

चावडीतून १९९६ च्या फेरफाराची प्रत, त्याला जोडलेले कागद, हितसंबंधितांना काढलेल्या नोटिसांची पोच. त्याच गावाचा नमुना १-क, म्हणजे वर्ग २ ने दिलेल्या जमिनींची नोंदवही, आणि १-ई, अतिक्रमणांची.

तहसील कार्यालयातून जमीन वाटपाची संचिका, आणि त्या महिन्याची जावक नोंदवही.

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक नोंदवहीतून, फेरफारात लिहिलेल्या क्रमांकापुढे त्या दिवशी नेमकं कोणतं पत्र गेलं, त्या पानाची प्रत.

भूमी अभिलेख उप अधीक्षकांकडून आकारबंद, गट नकाशा, गटस्कीमचा (जमीन एकत्रीकरण योजनेचा) उतारा, आणि कमी-जास्त पत्रक 'असल्यास'. ते नाही असं लेखी उत्तर आलं तर तोच पुरावा.

शेजारच्या गावच्या तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) मूळ वाटपधारकाच्या नावचा १९९६ च्या वेळचा खाते उतारा, नमुना ८-अ.

प्रकरण इथेच फिरलं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जावक नोंदवहीत तो क्रमांक दुसऱ्या तालुक्यातल्या वाळूच्या लिलावाच्या पत्राचा निघाला. १-क मध्ये वाटपाची नोंद नव्हती. खरोखर दिलेल्या जमिनीची ती तिथे असायलाच हवी. तहसीलदारांचं पत्र फेरफाराला छायाप्रतीच्या रूपात जोडलेलं होतं, पण त्यांच्या जावकेत सापडलं नाही. आणि 'भूमिहीन' वाटपधारकाच्या खात्यावर शेजारच्या गावात १९९६ मध्ये दोन हेक्टरच्या वर बागायत होती.

तहसीलकडून संचिकेबाबत आधी नेहमीचं उत्तर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही'. या वाक्याला घाबरायचं कारण नाही. सरकारी जमीन कायमची देण्याची संचिका जतनाच्या वर्गवारीत वरच्या वर्गात बसते. ती रद्दीत काढली असेल तर नाशनाची यादी असावी लागते. यादी मागावी. यादीही नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ कडे लक्ष वेधावं, त्यात अनधिकृतपणे अभिलेख नष्ट करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. एवढं लिहिल्यावर संचिका पुष्कळदा सापडते. इथे सापडली नाही, पण कार्यालयाने 'अशी संचिका नोंदणी पुस्तकात उघडल्याचे दिसत नाही' असं लिहून दिलं. सापडण्यापेक्षा हे जास्त कामाचं ठरलं.

माहिती अधिकारात मिळालेल्या प्रती दिशा दाखवायला पुरतात. सुनावणीत दाखल करायच्या कागदांसाठी नक्कल अर्ज करून प्रमाणित प्रती घ्याव्यात. दोन्ही एकच असं समजून पुढे गेलेल्यांना ऐन युक्तिवादाच्या दिवशी तारीख घ्यावी लागते.

देण्याचा अधिकार कोणाला होता?

आदेश खोटा निघाला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण खरेदीदाराचा वकील म्हणणारच: तहसीलदारांनी तरी दिली होती ना? कलम २२ खाली गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. पद्धत दोन टप्प्यांची. आधी गावची जनावरं आणि उरणारं चराईक्षेत्र तपासून तो भाग गुरचरणातून कमी करण्याचा आदेश, मग सरकारी जमीन विल्हेवाटीच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे अर्ज, पात्रतेची चौकशी, प्राधान्यक्रम आणि वाटपाचा आदेश. या प्रकरणात पहिला टप्पा कुठेच नव्हता. गुरचरण कमी झालं नाही, म्हणजे वाटायला जमीनच नव्हती.

इथे एक चूक वारंवार होते. गायरानाच्या अर्जात लोक धडाधड कलम २२-अ लावतात. गायरान इतर वापरासाठी वळवायला, द्यायला किंवा भाड्याने द्यायला मनाई करणारं, सार्वजनिक प्रकल्पांसारखे मोजके अपवाद ठेवणारं हे कलम २०१७ मध्ये आलं. १९९६ च्या वाटपाला ते मागे जाऊन लागू होत नाही, आणि विरोधी वकील तेवढ्यावर निम्मा अर्ज झोडपतो. तसंच १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाचं. तो सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२८ जानेवारी २०११) या निकालानंतर निघाला, तोही १९९६ नंतरचा. जुन्या वाटपाला त्या काळचं कलम २२ आणि १९७१ चे नियम पुरेसे आहेत. २०२० ची शर्त काढण्याची कृती मात्र नव्या चौकटीत येते, म्हणून तिच्यावर वेगळं बोट ठेवावं.

सव्वीस वर्षांचा विलंब

हा या प्रकरणाचा कणा. गावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम २५७ खाली अर्ज दिला: १९९६ आणि २०२० चे फेरफार, त्यामागचं दफ्तर मागवून पुनरीक्षण करा. कनिष्ठ अधिकाऱ्याचं दफ्तर मागवून त्याची वैधता तपासण्याचा हा अधिकार आहे. कलमात मुदत लिहिलेली नाही. पण मुदत नाही म्हणजे कधीही, असं नव्हे. राघव नाथा प्रकरणात (१९६९) सर्वोच्च न्यायालयाने 'वाजवी काळ' ही अट घातली, आणि संतोषकुमार शिवगोंडा पाटील प्रकरणात (२००९) खुद्द याच कलम २५७ खालची सतरा वर्षांनंतरची कारवाई टिकू दिली नाही. साधारण तीन वर्षं ही वाजवी मर्यादा धरली. खरेदीदाराचा पहिला आक्षेप हाच असतो, आणि तो वजनदार असतो.

त्याला 'जमीन सरकारी आहे, सार्वजनिक हित आहे' हे उत्तर पुरत नाही. सार्वजनिक हिताच्या नावाखाली चाळीस-पन्नास वर्षांनी उघडलेली प्रकरणं न्यायालयांनी बंद केली आहेत. रंगारेड्डीच्या सहजिल्हाधिकाऱ्यांच्या प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयात तेच झालं. पण त्याच निकालात वाट आहे: फसवणूक असेल तर वाजवी काळ ती उघडकीस आल्यापासून मोजायचा. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा चेंगलवराय नायडू निकाल (१९९४): फसवणुकीने मिळवलेला आदेश मुळातच शून्य.

म्हणून अर्जाची बांधणी बदलावी लागते. 'वाटप बेकायदा आहे' असं लिहिलं की १९९६ पासून घड्याळ सुरू. 'वाटपाचा आदेश कधी झालाच नाही, जो क्रमांक दाखवला तो दुसऱ्याच पत्राचा आहे, आणि हे अमुक तारखेला जावक नोंदवहीची प्रत हाती आल्यावर कळलं' असं लिहिलं की घड्याळ त्या तारखेपासून. चुकीचा आदेश आणि नसलेला आदेश यांत हा फरक आहे. जावक नोंदवहीच्या त्या एका पानावर ती तारीख आणि शिक्का असलेली पोच जोडली नसती तर प्रकरण पहिल्याच सुनावणीत संपलं असतं. प्रत मिळाल्यावरही अर्ज लगेच गेला पाहिजे; कळल्यानंतर दोन वर्षं स्वस्थ बसलेल्यांना फसवणुकीचा आधार मिळत नाही.

खरेदीदाराची दुसरी बाजू म्हणजे सद्भाव. किंमत मोजली, सातबारा पाहिला, वकिलाचा शोध अहवाल घेतला. त्याच्या नोटिशीत तीस वर्षांचा शोध घेतल्याचं लिहिलं होतं, आणि तेच त्याच्यावर उलटलं. तीस वर्षांत १९९६ ची नोंद येते, तिथे नवीन शर्त आणि गायरान दोन्ही शब्द आहेत, आणि २०२० मध्ये शर्त अधिमूल्याशिवाय गेलेली दिसते. एवढं दिसत असताना न विचारणं याला सद्भाव म्हणत नाहीत. शिवाय मुळात हक्कच नसलेल्याकडून घेणाऱ्याला सद्भावाने हक्क मिळत नाही. विरुद्ध ताब्याचा, म्हणजे दीर्घ ताब्याने मालकी मिळाल्याचा, मुद्दाही आला, बारा वर्षं झाली म्हणून. शासनाविरुद्ध तो कालावधी तीस वर्षांचा आहे, आणि इथे २०२२ पर्यंत जमिनीवर गुरंच चरत होती; पीक पाहणीच्या, म्हणजे नमुना १२ च्या उताऱ्यांत वर्षानुवर्षं 'गवत पड' होतं. गावाने ते उतारे जोडले होते, हे बरं झालं.

आदेश कसा हवा

अपर जिल्हाधिकाऱ्यांनी फेरफार रद्द केले. आदेशातला शेवटचा भाग वाचताना बहुतेक जण फक्त 'अर्ज मान्य' एवढं पाहतात. पाहायचं ते पुढे. खरेदीदार, वारस आणि आठही प्लॉटधारकांना नोटीस बजावल्याचा उल्लेख आहे का? कलम २५७ खाली बाधित व्यक्तीला ऐकल्याशिवाय आदेश फिरवता येत नाही. एक प्लॉटधारक सुटला तरी वर जाऊन सगळं फेरचौकशीला परत येतं. फेरफार कोणते रद्द, त्याऐवजी कोणती नोंद घ्यायची, हिस्सा मोडून गट पूर्ववत करायचा का, कलम ५० किंवा ५३ खालची ताबा काढण्याची कारवाई कोणी आणि किती दिवसांत करायची, हे लिहिलेलं असावं. इथे पहिल्या मसुद्यात फक्त २०२२ आणि १९९६ चे फेरफार होते. २०२० ची शर्त काढण्याची नोंद तशीच राहिली असती. युक्तिवादाच्या लेखी टिपणात चारही क्रमांक एका तक्त्यात दिले होते म्हणून ती निसटली नाही.

आदेशाच्या दिवशीच नाशिक रोडच्या विभागीय आयुक्त कार्यालयात आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल केलं गेलं. कॅव्हेट ९० दिवस टिकतं. एकतर्फी स्थगिती हा या प्रकरणांतला खरा धोका आहे, कारण स्थगिती मिळाली की बांधकाम उभं राहतं आणि मग माणुसकीचा मुद्दा पुढे येतो. नाशिक मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतं, त्यामुळे वकील तिथला लागतो. हा खर्च गावाने आधीच धरलेला बरा.

खरेदीदाराने दुसरीकडून दिवाणी न्यायालयात ग्रामपंचायतीविरुद्ध मनाईचा दावा टाकला, शासनाला पक्षकार न करता. ही जुनी खेळी आहे: शासन पक्षकार असलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते किंवा न्यायालयाची सूट मागावी लागते, आणि सरकारी वकील उभा राहतो. फक्त सरपंच समोर असला तर तो तारखांना येईलच असं नाही. ग्रामपंचायतीने पहिल्याच तारखेला म्हणणं दिलं आणि शासन आवश्यक पक्षकार असल्याचा अर्ज केला. मनाई हुकूम मिळाला नाही.

वरून आदेश आला असता तर

हे वाटप कागदी बनावटीचं होतं. दुसरा प्रकार जास्त अवघड: खरा, सही-शिक्क्याचा, मंत्रालयातून आलेला आदेश. वाशिम जिल्ह्यातलं ३७ एकर १९ गुंठे गायरान जून २०२२ मध्ये तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांच्या आदेशाने एका खासगी व्यक्तीला गेलं. त्या व्यक्तीचा दावा दिवाणी न्यायालयात आधीच फेटाळला गेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तिथे बनावट शोधण्यात अर्थ नाही, अधिकार तपासायचा. अपील किंवा पुनरीक्षणात मंत्री न्यायिक अधिकार वापरतात. खालच्या आदेशाची वैधता ठरवणं एवढंच त्यात येतं, नवं वाटप करणं येत नाही. आणि खुद्द शासनालाही मागेल त्याला जमीन देता येत नाही: अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश (२०११) या भोपाळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सार्वजनिक मालमत्ता द्यायची तर जाहीर धोरण आणि सर्वांना संधी हवी. अशा आदेशाविरुद्ध महसुली अपिलांच्या पायऱ्या चढत बसण्यापेक्षा थेट अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करावी. जनहित याचिका करायची असेल तर अर्जदाराचा त्या जमिनीत वैयक्तिक रस नाही हे आधी तपासावं, न्यायालय तेच आधी तपासतं.

गावाचं स्वतःचं अतिक्रमण

खरेदीदार विभागीय आयुक्तांकडे गेला. तिथल्या सुनावणीत त्याच्या वकिलाने एक नकाशा काढला. उरलेल्या ११ हेक्टर २० आरवर अकरा घरं, एक सभामंडप, एक जिल्हा परिषदेची शाळा आणि एका ग्रामपंचायत सदस्याच्या गोठ्याची पत्र्याची शेड. मुद्दा त्याच्या हक्काला काहीच बळ देत नव्हता. पण गावाच्या तोंडाला फेस आला, कारण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. शेड आठवड्यात निघाली. शाळेला धोका नव्हता. जगपाल सिंग निकालात भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेखाली दिलेले पट्टे आणि शाळा-दवाखान्यासारख्या सोयी असे मोजके अपवाद ठेवले आहेत. घरांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो याच निकालाने वेगळा सोडवावा लागेल. वर्षं लोटली, पैसा घातला म्हणून अतिक्रमण कायम होत नाही, हे तिथे तेवढंच कडक लागू होतं. गायरान परत मागणाऱ्या गावाने नोटीस काढण्याआधी १-ई ची नोंदवही स्वतः वाचलेली बरी.

आदेशानंतरचं काम

आयुक्तांनी आदेश कायम ठेवला, तरी तार तशीच होती. तहसीलदारांनी ताबा काढण्यासाठी पोलीस बंदोबस्ताचं पत्र दिलं, बंदोबस्त मिळाला नाही, दोन तारखा गेल्या. या टप्प्यावर उपयोगी पडते ती मोजणी. ग्रामपंचायतीच्या मागणीवरून तातडीची मोजणी लावून घेतली, भूकरमापकाने रोव्हरने (उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राने) हद्दी काढल्या, मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळाली आणि तारेची जागा गटाच्या नकाशावर उमटली. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना नोटीस आणि पंचनाम्यावर त्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर मोजणीलाच आव्हान. हद्दीवर दगड रोवले आणि रोजगार हमीतून चर खोदला. सातबाऱ्यावर गट पुन्हा एक झाला का, हे महिन्याभराने परत काढून पाहिलं, तेव्हा खासगी हिश्श्याचा, /२ चा, सातबारा अजून संगणकावर जिवंत होता. फेरफार रद्द झाला तरी हिस्सा बंद करण्यासाठी वेगळी नोंद घ्यावी लागते. ती राहिली तर चार वर्षांनी कुणीतरी त्याच क्रमांकावर कर्ज काढतो. दुय्यम निबंधकांनाही आदेशाची प्रत पोचती केली.

गुन्हा दाखल करायचा का, यावर गावात दोन तट होते. १९९६ ची कृती भारतीय दंड संहितेच्या काळातली, त्यामुळे बनावट दस्तऐवजाची जुनी कलमं लागतील, नवी न्याय संहिता नाही. ज्यांच्यावर आरोप ठेवायचा ते तलाठी आणि मंडळ अधिकारी निवृत्त झाले आहेत, एक हयात नाही. छायाप्रतीचं पत्र मूळ कागदाशिवाय हस्ताक्षर तज्ज्ञाकडेही टिकत नाही. २०२० चा आदेश काढणाऱ्याची विभागीय चौकशी सुरू करण्याची शिफारस मात्र झाली, ती जास्त फलदायी दिसते.

उरले आठ प्लॉटधारक. त्यांनी गुंठ्याच्या भावाने पैसे मोजले, दोघांनी पतसंस्थेचं कर्ज काढून. गावाशी भांडून त्यांना काही मिळणार नाही. त्यांची वाट विकणाऱ्याकडे जाते. खरेदीखतात 'मिळकत निर्वेध व बोजारहित असून त्यात वाद उद्भवल्यास लिहून देणार जबाबदार' असं जे छापील कलम असतं ते इथे कामाला येतं. पैसे परत मागण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती आयुक्तांच्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. अपर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश हाती पडला तेव्हापासून ती मोजली जाण्याचा धोका धरून चालावं. आठांपैकी तिघांनी वकिलाची नोटीस पाठवली आहे. बाकीचे उच्च न्यायालयात खरेदीदार जिंकेल या आशेवर आहेत, आणि त्यांची मुदत चालू आहे.